रोझी कधी रडत नाही

इनासिनला आणखी काळं करायचं ठरलं तेव्हा मी मेकअप रूममध्येच होतो. हातात चहा आणि तोंडात बिस्कीट होतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. बिस्कीट संपल्यावरही बोललो नाही, ते सोडा.

"मॉनिटरवर ही नुसती सावळी दिसते," शलाका मॅडम म्हणाल्या. "आपल्याला आफ्रिकन हवीय. दोन शेड खाली घ्या."

मेकअपदादांची सगळी कारकीर्द माणसांना वरच्या शेडला नेण्यात गेली होती. खाली जायचा डबा त्यांच्याकडे नव्हताच. शेवटी शेजारच्या सेटवर चालणाऱ्या पौराणिक मालिकेतून राक्षसांचा रंग मागवला गेला.

"मॅडम, मला आणखी काळं कशाला करता?" इनासिन आरशातून म्हणाली. "आजपर्यंत कुणाला मी कमी पडले नव्हते."

मॅडम हसल्या. त्या चॅनेलच्या क्रिएटिव्ह हेड होत्या आणि मोजून हसायच्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि हिचं मराठी फार मराठी वाटतं रे. जरा मोड."

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो आणि 'उंबरठ्यावरचं चांदणं' नावाच्या मालिकेचे संवाद लिहायचो. घोडबंदर रोडला एक भाड्याचा बंगला होता, त्यात एकत्र कुटुंब राहायचं. त्या कुटुंबाची थोरली सून स्वरा, म्हणजे तन्मयी नावाची गोरीपान नटी, अडीच वर्षं सगळ्यांचं सोसत होती. त्या ऑक्टोबरात चॅनेलने फर्मान काढलं की मानसिक आरोग्य सप्ताह आहे, तेव्हा प्रत्येक मालिकेत एकाने नैराश्यात जावं. आमच्याकडे स्वरा जाणार होती. गुरुवारी जायचं आणि रविवारच्या एक तासाच्या महाएपिसोडमध्ये बाहेर यायचं, कारण सोमवारी भोंडला होता.

तिला बाहेर काढायला एक परदेशी नर्स आणायची ठरली. रोझी. जंगलातली जडीबुटी आणि मोकळं हसणं यांच्या जोरावर ती स्वराला बरी करणार होती. जडीबुटी हा शब्द मॅडमचा. आफ्रिकेत तो कुणी वापरत असेल का, असा प्रश्न मला पडला होता, पण मला प्रश्न पडण्याचे पैसे मिळत नव्हते.

इनासिन आम्हाला सापडली ती एका इस्पितळात. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरच्या बोटाला टाके घालायचे होते, ते तिने धरलं होतं. तो बोट विसरून ओरडला की रोझी मिळाली. इनासिन खरीखुरी नर्स होती, वय चौतीस. आणि आफ्रिका तिने नकाशात पाहिली होती, तेवढीच. ती हल्याळकडची, सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इथे आणलेल्या माणसांची वंशज. घरात कोकणी, शाळेत कन्नड, बाजारात मराठी. मी तिला विचारलं होतं, तुमचं घराणं भारतात कधी आलं? ती म्हणाली, "तुमच्या चॅनेलच्या जरा आधी."

तर माझं काम असं होतं की या बाईचं अस्खलित मराठी रोज सकाळी मोडून द्यायचं. मी लिहायचो, 'तुमी काळजी नाय करते'. ती वाचायची आणि म्हणायची, "हे कोण बोलतं असं?"

"रोझी."

"तिला कुणी शिकवलं?"

"मी."

"मग तिची चूक नाही," ती म्हणायची आणि जसंच्या तसं बोलून दाखवायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बारा तासांच्या ड्यूटीची सवय.

शुक्रवारी दुपारी महाएपिसोडचा मुख्य सीन लिहायचा होता. स्वरा आणि रोझी, दोघीच, सहा मिनिटं. मी लॅपटॉप घेऊन मागच्या जिन्यावर बसलो होतो. नैराश्याबद्दल मला माहिती होती ती इतर मालिकांतून आलेली: बाई खिडकीत उभी राहते आणि वारा येतो. इनासिन राक्षसाचा रंग पुसत खालच्या पायरीवर बसली.

"काय लिहालायस?"

"स्वराला काय होतंय ते."

"काय होतंय?"

"तिला उदास वाटतंय."

"हं," ती म्हणाली. "आणि वारा येतो."

मग तिने मला सांगितलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची आई गेली होती, त्यालाही आठ महिने होऊन गेले होते, त्यामुळे रडायचं कारण उरलं नव्हतं असं सगळे धरून चालले होते. ती रोज कामावर जायची, लोकांना इंजेक्शनं द्यायची, चेष्टामस्करी करायची. घरी येऊन नळाखाली बादली लावायची आणि समोर बसायची. बादली भरायची, वाहायची. हिला दिसायचं की वाहतेय. नळ बंद करायचा आहे हेही कळायचं. हात उचलायचा नाही.

"दुखत होता का हात?"

"नाही ना. तेच तर. दुखला असता तर बाम लावला असता. हात चांगला होता. मीच त्यात नव्हते." तिने रुमाल घडी केला. "पाणी शेजारणीच्या दारात गेलं की ती शिव्या घालायची. मग तीच येऊन नळ बंद करायची. तीन महिने माझा नळ तिनंच बंद केला. पुण्यवान बाई. शिव्या मात्र घाण."

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना तिने शेवटी सांगितलं, तेव्हा त्याही आधी हसल्या होत्या. अगं, तुला कसलं डिप्रेशन, तू तर आमची वाघीण. तुमच्या लोकांच्यात तर नाचगाणं किती असतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा गोळ्या दिल्या. दीड वर्ष घेतल्या. एका संध्याकाळी हात आपोआप उठला आणि नळ बंद झाला. तेवढंच झालं. वारा वगैरे आला नाही.

मी भराभर टाईप करत होतो. तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"फुकट नाही सांगितलं. हे मी बोलणार. टीव्हीवर. माझ्या तोंडानं."

"म्हणजे रोझी?"

"रोझी म्हण नाहीतर कोण म्हण. तोंड माझं दिसलं पाहिजे. माझी धाकटी बहीण आहे गावात, कार्मिन. तिला तेच झालंय. तेव्हा माझा हात उचलेना, आता तिचा उचलत नाही. गोळ्या आणून दिल्यात, घेते आणि सोडते. म्हणते, हे भरल्या पोटाच्या लोकांचं दुखणं. मी घेतल्या होत्या सांगितलं तर म्हणते, माझी समजूत काढतेस. गावातली सगळी बायामाणसं तुमचं चांदणं बघतात. चारचौघींत बसून ती ऐकेल, ताईनं घेतल्या, ताई उभी आहे. मग खोटं कसं म्हणेल?"

मी कबूल केलं. तेव्हा मी कशालाही कबूल व्हायचो.

सीन मी तासाभरात लिहिला आणि आजवर लिहिलेल्यात तोच एक बरा होता. रोझी स्वराला बादलीची गोष्ट सांगते, आणि शेवटी म्हणते, 'मी पण घेतल्या गोळ्या. मी पण बरी झाले.' मी तो चॅनेलला पाठवला. वीस मिनिटांत शलाका मॅडमचा फोन आला.

"सुमेध, रडले मी."

"थँक्यू मॅडम."

"पण हे रोझीला का दिलंस? नर्सच आजारी? आणि तिच्याकडे बघून कोणाला वाटेल का तिला असं काही होतं? ती स्ट्राँग आहे. ती स्ट्राँग आहे म्हणून तर घेतली. लोक चॅनेल बदलतील रे. हे स्वराला दे. तन्मयीला अवॉर्ड मिळेल यात."

"मॅडम, गोष्ट इनासिनची आहे. खरी."

"तेच म्हणतेय मी, किती खरी वाटते. आणि बादली काढ. तन्मयी बादलीसमोर गरीब दिसेल. तांब्याचा कलश कर. तुळशीला पाणी घालायला भरतेय, असं."

"आणि रोझी काय करेल?"

"हसेल. मिठी मारेल. म्हणेल, रोझी कधी रडत नाही, रोझी स्ट्राँग, तू पण स्ट्राँग हो."

मी शेवटच्या ओळीसाठी थोडासा भांडलो. बहिणीचंही सांगितलं. मॅडमनी बहिणीचं नाव विचारलं. मला वाटलं, विरघळल्या.

"ठेव ती ओळ," त्या म्हणाल्या. "शूट करू दे तिला. एडिटला बघू."

या धंद्यात 'एडिटला बघू' हे वाक्य सगळे सगळ्यांसाठी वापरतात. नटाला क्लोजअप हवा असतो, दिग्दर्शकाला पाऊस हवा असतो, लेखकाला अर्थ हवा असतो. सगळं शूट करायचं आणि एडिटला बघायचं. एडिटला कुणी काही बघत नाही. काढतात. हे सेटवरच्या चहावाल्यालाही माहीत होतं. फक्त नर्सला माहीत नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला आणि त्या गोष्टीत जिथे जिथे रोझी होतं तिथे स्वरा केलं. कॉम्प्युटरला एकदा सांगितलं की तो स्वतःच सगळीकडची नावं बदलतो. चार सेकंद लागले. बादल्या मात्र हाताने काढाव्या लागल्या.

शनिवारी शूटिंग झालं. इनासिनने पानं वाचली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"हिनं कधी बादली भरली होती?"

"कलश आहे."

"बघितलं ते. कलशात दोन तांबे पाणी बसत नाही. तो वाहायला कितीसा वेळ लागणार आणि शिव्या कोण घालणार?"

"चॅनेलचं म्हणणं पडलं," मी म्हणालो. "पण तुमची ओळ आहे शेवटी. ती राखलीय. तीच महत्त्वाची ना?"

तिने ती ओळ बोटाने दोनदा वाचली. "हो," म्हणाली. "ती आहे तर मग गोष्ट घेऊ दे तिला. गोष्ट काय, पुन्हा सांगता येते."

मी त्या वेळी सांगू शकलो असतो. माझ्या तोंडात बिस्कीटही नव्हतं.

तन्मयीने सीन उत्तम केला, हे मान्य करायला हवं. ग्लिसरीन न घालता रडली. कलश वाहिला. इनासिनने मिठी मारली, मोकळं हसली, रोझी कदी रडत नाय म्हणाली. मग कॅमेरा तिच्यावर घेतला, आणि तिने ती ओळ माझ्या मोडक्या मराठीत न बोलता तिच्या स्वतःच्या मराठीत बोलून टाकली. "मी पण घेतल्या गोळ्या. दीड वर्ष. मी पण बरी झाले." कुणी कट म्हणेना. शेवटी लाइटवाल्याने शिंकून तो शॉट सोडवला. शलाका मॅडम मॉनिटरजवळ होत्या. मराठी मोडलेलं नाही, यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हाच मला पुरतं कळलं.

इनासिन कोपऱ्यात जाऊन फोनवर कोकणीत बोलत होती. मला कोकणी येत नाही, पण 'आयतार' कळलं. रविवार.

रविवारी मी घरीच बघितलं. आईने शेजाऱ्यांना बोलावलं होतं. स्वराची गोष्ट झाली, सगळे डोळे पुसू लागले, रोझी हसली. रोझी कदी रडत नाय. रोझी स्ट्राँग. त्यानंतर सरळ डिटर्जंटची जाहिरात लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती काळी बाई मात्र छान आनंदी आहे हो. असं असावं माणसानं."

सोमवारी दुपारी इनासिन सेटवर आली ती रंगायला बसली नाही. भोंडल्याच्या बायका नटून उभ्या होत्या, त्यांच्या मधून सरळ माझ्यापर्यंत आली. "माझ्या बहिणीला मी सांगितलं होतं, रविवारी तुझ्यासाठी बोललेय, नीट ऐक."

"इनासिनताई, ते एडिटला..."

"तिनं ऐकलं. वीस बायांत बसून. मग घरी जाऊन गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या विहिरीत टाकल्या. मला फोनवर म्हणते, ताई, तू बरोबर बोललीस. आपण रडत नसतो. ते त्या गोरीचं दुखणं. कालपासून जेवली नाही आणि मला सांगते, मी स्ट्राँग आहे." ती आवाज न चढवता बोलत होती, रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलतात तशी. "मी सांगितलं, ओळ कापली. विश्वास नाही. म्हणते, टीव्हीवाले तुझं कशाला कापतील, तू एवढी का मोठी आहेस. आता तू चल आणि तिला सांग."

"मी?"

"लिहिलं कुणी?"

माझ्या लिखाणाबद्दल उत्तर द्यायला कुणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती. मी शलाका मॅडमना फोन केला की दोन दिवस येत नाही. त्या म्हणाल्या, "रोझीच्या उरलेल्या सीनचं काय?" मी म्हणालो, राक्षसाचा रंग शिल्लक आहे. मी हे टोमणा म्हणून बोललो होतो. त्यांनी ते सूचना म्हणून घेतलं. बुधवारच्या भागात रोझीचं काम भोंडल्यातल्या एका मुलीने रंग फासून केलं. महाराष्ट्रातून एकही तक्रार आली नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही गावात पोचलो. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. कार्मिन दाराशी बसली होती. इनासिनपेक्षा दहा वर्षांनी लहान, केस न विंचरलेले. हात मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिल्यासारखे. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हा कोण?"

"चांदणं लिहितो तो," इनासिन म्हणाली.

"हा? मला वाटलं बाई लिहीत असेल. एवढी भांडणं."

मी ओट्यावर बसलो. सांगितलं की ती गोष्ट स्वराची नाही, तुमच्या ताईची आहे. शेवटची ओळ होती, ती कापली.

"कशाला कापली?"

मी म्हणालो की भागाची लांबी ठरलेली असते, त्यात जाहिराती बसवायच्या असतात, सीनला एक ओघ लागतो. ती भांडी विकायला आलेल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकत राहिली. माझं संपल्यावर ताईला म्हणाली, "पाणी दे त्याला आणि जाऊ दे."

इनासिन पाणी आणायला उठली नाही. मला वाचवायला तिथे जाहिरातही लागणार नव्हती.

"ती काळी आहे म्हणून कापली," मी म्हणालो. "काळी बाई आजारी पडते हे लोकांना पटणार नाही, असं चॅनेलला वाटतं. काळ्या बाईनं हसायचं आणि दुसऱ्यांना बरं करायचं. हात उचलेना झाला तर तो गोऱ्या बाईचाच असायला हवा."

कार्मिनने पहिल्यांदाच मान नीट वर केली.

"तुला पण तसं वाटतं?"

"नाही."

"मग तू काय केलंस?"

"नाव बदललं."

"आणि ही ते सगळं बोलली तेव्हा तुला ठाऊक होतं, कापणार?"

"हो."

"सांगितलं का नाहीस तिला?"

"मला काढून टाकलं असतं."

"मग टाकू द्यायचं होतं की काढून," ती म्हणाली. रागाने नाही. कपड्यावरचा धागा काढून टाकावा तसं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या महाएपिसोडच्या लेखनासाठी मला संवेदनशीलतेचा एक पुरस्कार मिळाला, तो स्टेजवर घेताना तिचं हे वाक्य आठवलं. घेतला मात्र.

"आता सांग," कार्मिन म्हणाली. "ताईनं तुला सांगितली तशी. कलश नको."

मी सांगायला लागलो. आई गेली, आठ महिने झाले, बादली भरायची. धंद्याच्या सवयीने मी मध्ये एक खिडकी घातली.

"खिडकी नव्हती," इनासिन म्हणाली. "मोरीला कुठली खिडकी."

मी शेजारणीला म्हातारी केलं.

"म्हातारी कुठली. माझ्याच वयाची. आणि शिव्या अशा गुळमुळीत नव्हत्या." तिने एक शिवी सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, एवढी तरी सेन्सॉरची सवय मला लागलेली आहे. कार्मिनच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. इनासिन पुढे बोलतच राहिली, मला बाजूला सारून, आधी मराठीत आणि मग कोकणीत, आणि माझी कुणाला गरज राहिली नाही. मला शब्द कळत नव्हते. आवाज मात्र हळूहळू चिरत गेला, आणि मग ती वाघीण, बारा तासांची ड्यूटी करणारी, कुणाचंही बोट न घाबरता धरणारी, पदर न लावता रडायला लागली. नाक लाल होत नव्हतं, वाहत होतं. हे कुठल्याही मॉनिटरवर चांगलं दिसलं नसतं.

कार्मिन तिच्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने मांडीवरचा एक हात उचलला गेला आणि ताईच्या गुडघ्यावर पडला.

"आणल्यास का दुसऱ्या?" तिने विचारलं.

इनासिनने पिशवीतून पट्टी काढली.

"जेवणाआधी की नंतर?"

"नंतर," इनासिन नाक पुसत म्हणाली, आणि पुन्हा नर्स झाली. "रिकाम्या पोटी अजिबात नाही."

"मग आधी जेवू." कार्मिन उठली. उठायला वेळ लागला, पण उठली. दारातून आत जाताना माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्याला पण वाढायचं?"

"तू सांग."

"वाढ. तुमच्या त्या चांदण्यात सगळी रोज टेबलावर बसतात, पण एकाच्याही तोंडात घास गेलेला मी बघितला नाही. हा तरी खातो का बघू."

दोघी समोर बसल्या. भात होता आणि सुकटीची आमटी. कार्मिनने स्वतः दोन घास घेतले, थांबली, तिसरा घेतला, आणि मी गिळतो की नाही ते टक लावून बघत राहिली.